प्रेमिलाबाईंच्या दोन खुर्च्या

(नागपूर, हुडकेश्वर. बुद्धपौर्णिमेची दुसरी सकाळ. महादेवराव आणि प्रेमिला, साठी ओलांडलेले नवरा-बायको. खोलीत कूलर घरघरतो आहे.)

प्रेमिला : माहीच ट्रॅकपँट असती तं तुमची कायले मागितली असती?

महादेवराव : पण ट्रॅकपँट घालून तू जाशीन कुठं?

प्रेमिला : चौकात टाइल्सचं दुकान आहे ना, त्याच्यावर नवीन स्टुडिओ निघाला. तिथं.

महादेवराव : फोटो काढाले?

प्रेमिला : ट्रॅकपँट घालून कोण फोटो काढते? व्यायामाचा स्टुडिओ आहे. योगा अन् पिलाटीस. आजकाल कसरतीलेबी स्टुडिओच म्हणतात.

महादेवराव : मी का म्हणतो प्रेमिला, तू आत्ता रागात आहे. रागात माणसानं काही ठरवू नये.

प्रेमिला : मी कुठं रागात आहो? मेलेल्या बाईले राग येते का?

महादेवराव : झालं. कालपासून तेच.

प्रेमिला : मग दुसरं का बोलू? पौर्णिमेची खीर घेतली, विहारात मागं गेली, म्हटलं जरा टेकावं. पाहते तं दोन नव्या कोऱ्या खुर्च्या. पाठीवर लाल लाल अक्षरं. कालकथित प्रेमिलाबाई महादेवराव गोंडाणे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ. खीर हातातच राहिली माह्या. बाजूले मेश्रामबाई उभी होती. तिनं एकदा खुर्चीकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् हात जोडले.

महादेवराव : पेंटरची चूक आहे ते. मी त्याले कागदावर फक्त तुहं नाव लिहून देल्लं होतं. तो म्हणे, समजलं काका, टेन्शन नका घेऊ. आता त्याचीबी का गलती? जिंदगीभर त्यानं जेवढ्या खुर्च्या रंगवल्या, समद्या गेलेल्या माणसांच्या. जिवंत बायकोच्या नावानं कोणी खुर्ची देल्लीच नाही तं त्याचा ब्रश थांबन कसा?

प्रेमिला : अन् तुम्ही वाचलं नाही?

महादेवराव : चष्मा घरी होता.

प्रेमिला : चष्मा घरी, अन् बायको वर.

महादेवराव : पुसून देतो म्हणाला ना तो. फालतू गोष्ट आहे, सोडून दे.

प्रेमिला : एक सांगा. मी तं एकटी. खुर्च्या दोन काहून?

महादेवराव : एक देल्ली असती तं लोक म्हणले असते, एकच देल्ली. जोडीनं बरं दिसते.

प्रेमिला : अन् मले खुर्ची पाह्यजे म्हणून तुम्हाले सांगितलं कोणी?

महादेवराव : सांगाले कायले पाह्यजे? मागच्या पावसाळ्यात, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाले तू खाली बसली अन् उठताच नाही आलं. चार बायांनी बगलेत हात घालून उचललं तुले. तेव्हापासून तू वाचणंच सोडलं. आता विहारातली ते पोट्टी, मेघा, वाचते, पाचवा गिअर टाकून. मी म्हटलं, खुर्ची असली तं तू पुन्हा वाचशीन. वाईट केलं का मी?

प्रेमिला : मनानं चांगलंच केलं. फक्त मले मारून केलं.

महादेवराव : प्रेमिला...

प्रेमिला : ऐका आता. आषाढ पौर्णिमेले वर्षावास सुरू होते. त्या दिवशी पहिलं वाचन मी करीन. खाली बसून. अन् कोणाचा हात न धरता उठीन. सकाळीच विहाराच्या अध्यक्षाले फोन करून सांगून टाकलं.

महादेवराव : सांगूनबी टाकलं?

प्रेमिला : हाव. नाही तं उद्या माही शोकसभा ठेवतील ते. ट्रॅकपँट कुठं आहे?

महादेवराव : कपाटात, खालच्या कप्प्यात. तूच काढून घे वं. मी चहा ठेवतो.

*

नूपुर : या काकू, या. दमलात ना? आधी बसा दोन मिनिटं.

प्रेमिला : गुडघ्याचा इलाज, अन् दुकान दुसऱ्या मजल्यावर! ज्याले इथवर चढता आलं, त्याले इथं याची गरज काय, सांग बरं?

नूपुर : सगळे पहिल्या दिवशी हेच म्हणतात. मी नूपुर, इथे मीच शिकवते. डॉक्टरांना दाखवलंय का गुडघा?

प्रेमिला : दाखवला. फोटो काढला. म्हणे झीज आहे, पण ऑपरेशनची पाळी नाही आली. मांड्यांत ताकद आणा. मी म्हटलं, लिहून द्या मग, मेडिकलमधून घेते.

नूपुर : ती मात्र इथेच मिळते. तीन दिवस पिलाटीज, दोन दिवस योग. जमेल?

प्रेमिला : योगा माहीत आहे मले, टीव्हीवर पाह्यतो आम्ही, पोहे खात खात. हे पिलाटीस का भानगड आहे?

नूपुर : भानगड नाही, आडनाव आहे. परदेशातल्या एका माणसाने हे व्यायाम बसवले, त्याचं नाव पडलं.

प्रेमिला : आडनावाचा व्यायाम? मग जमलं तं मी गोंडाणे काढीन.

नूपुर : काढाच. पहिली मेंबर मी. आता सांगा, तुम्हाला नेमकं काय हवंय? म्हणजे बघा, ही रितिका लग्नाच्या लेहेंग्यासाठी येते. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाची कंबर दुखत असते.

प्रेमिला : मले जमिनीवर बसाचं आहे. अन् उठाचं आहे.

नूपुर : बस? एवढंच?

प्रेमिला : एवढंच म्हणू नको वं बाई. तुम्ही पोट्ट्या बसता, उठता, तुमच्या ध्यानातबी नाही येत. मले विहारात ग्रंथ वाचाचा आहे आषाढ पौर्णिमेले. वाचणारा खाली बसते, ऐकणारे खाली बसतात. अन् तिथं मागं माह्या नावाची खुर्ची आहे. त्याच्यावर कालकथित लिहून ठेवलं.

नूपुर : कालकथित म्हणजे?

प्रेमिला : तुमच्यात गेलेल्या माणसाच्या नावापुढं कैलासवासी लिहितात ना? आमच्यात कालकथित.

नूपुर : अय्या! तुमच्या? जिवंतपणी? कुणी लिहिलं?

प्रेमिला : पेंटरनं. पण खुर्ची माह्या नवऱ्यानं देल्ली, प्रेमानं. म्हणून त्याले काही म्हणताबी येत नाही. तू हसू नको. नाही, हस, मलेबी हसूच येते आता.

नूपुर : सॉरी काकू. चला, मॅटवर झोपा. पाठ टेकवा. गुडघे वर, पाय जमिनीवर. आता श्वास सोडत कंबर उचला. हळू. पोट आत.

प्रेमिला : पोट आतच आहे. हे बाहेर दिसते ते दुसरं आहे.

नूपुर : बोलू नका, श्वास घ्या.

प्रेमिला : अन् एवढा मोठा आरसा काहून लावला भिंतभर? साडीचं दुकान आहे का? मले माहेच पाय दिसून राहिले, माह्या नवऱ्याच्या पँटीत.

नूपुर : आरशात बघितलं की चूक आपली आपल्याला कळते. हं, खाली. छान! परत. खूप छान केलंत आज. आता शेवटी शवासन.

प्रेमिला : शवासन म्हंजे?

नूपुर : शांत पडायचं. हात-पाय सैल. अगदी शवासारखं.

प्रेमिला : नाही. बाकी सांगशीन ते करीन. मुडद्यावाणी मी नाही पडत.

नूपुर : बरं बरं. तुम्ही नुसत्या लोळा.

*

महादेवराव : दारातून आत येऊ का नको? हॉलभर तूच पसरली आहे.

प्रेमिला : या ना. बाजूची चटई तुमच्यासाठीच टाकली. ब्रिज करते मी, कमरेचा पूल. तुम्हीबी करा. नूपुर म्हणे, घरी जोडीनं केलं तं कंटाळा नाही येत.

महादेवराव : मले कुकरकडं पाहाचं आहे.

प्रेमिला : तुम्ही कुकरकडं कधीपासून पाहाले लागले?

महादेवराव : माणूस सुधारते वं.

प्रेमिला : पाहा, कंबर कशी उचलली. पाह्यलं का? पहिल्या दिवशी मुंगीबी खालून गेली नसती. आता मांजर जाईन. तिथं एक सरकता पलंग आहे, स्प्रिंगचा. त्याच्यावर झोपाचं अन् पायानं ढकलाचं. कालपासून नूपुरनं माही स्प्रिंग वाढवली.

महादेवराव : ट्रकचीबी अशीच वाढवतात, लोड जास्त असला की.

प्रेमिला : एस.टी.तून रिटायर झाले, तोंडातून गाडी गेली नाही. बसा ना जरा.

महादेवराव : सोफ्यावर बसतो. इथून चांगलं दिसते.

प्रेमिला : चांगलं काय दिसते?

महादेवराव : तूच. आणखी का? कर तू. मी मोजतो.

*

नूपुर : चार दिवस आला नाहीत काकू. फोनही उचलला नाही. मी घरीच येणार होते आज.

प्रेमिला : मी सांगाले आली. मी सोडून राहिली.

नूपुर : अहो, का? इतकं छान चाललं होतं.

प्रेमिला : छानच चाललं होतं म्हणून तं अंगात आलं माह्या. रविवारी घरी म्हटलं, चाल, आता बसूनच पाहू. बसली. बसली वं व्यवस्थित. अन् उठता आलं नाही. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. फरशीवर रांगत सोफ्यापर्यंत जाते म्हटलं तं गुडघा टेकवला जाईना.

नूपुर : दुखावला नाही ना? सूज?

प्रेमिला : गुडघ्याले काही नाही झालं. दुसरीकडं लागलं. ते समोर उभे होते. माहा नवरा. मी हात वर केला. अन् ते नुसते उभे राहिले. वाकले नाही, हात देल्ला नाही. म्हणे थांब, बाजूच्या श्वेताले बोलावतो. मी फरशीवर, अन् हा माणूस दाराबाहेर. श्वेता आली, तिच्या नवऱ्याले घेऊन आली, दोघांनी उचललं. ते मागं उभे. चष्मा पुसून राहिले होते.

नूपुर : घाबरले असतील काका.

प्रेमिला : भर रस्त्यात ब्रेक फेल झाला तेव्हा नाही घाबरले ते. मले माहीत आहे का झालं. माणसाले लाज वाटली माही. कायले सोंगं करून राहिली म्हातारी, असं वाटलं असन. खुर्ची देल्ली तं गप बसावं ना खुर्चीवर.

नूपुर : तसं म्हणाले का ते?

प्रेमिला : म्हणले नाही. काहीच म्हणले नाही, तेच तं. लग्नाले इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा हात मागितला होता वं.

नूपुर : काकू, एक विचारू? खुर्चीवर बसून वाचलं तर कुणी काही बोलणार आहे का तिथे?

प्रेमिला : कोणीच नाही. उलट खूश होतील.

नूपुर : मग खालीच का?

प्रेमिला : सांगते. माहं माहेर भिवापूरचं. आई मिरचीच्या कामाले जायची. दिवसभर मिरच्या खुडाच्या, देठ तोडाचे. वस्तीत संध्याकाळी ग्रंथ वाचाचे. बायांत वाचता येणारी मी एकटी, सहावीतली पोट्टी. मले मधात बसवाचे, कंदिलापाशी. भोवती साऱ्या बाया, मिरचीवाल्या. माह्या गुडघ्याले आईचा गुडघा लागून राहाचा. तिनं कधी पानाले हात नाही लावला. हात कितीबी धुतले तरी मिरची जात नाही ना. म्हणे, तूच उलटव, मायबाई, माहा हात लागला तं वाचणाऱ्याचे डोळे जळतील. मी वाचायची, अन् तिचा गुडघा हलला की समजायची, हे तिले पटलं. खुर्चीवर बसलं की कोणाचा गुडघा लागते? बातम्या सांगितल्यावाणी वाटते.

नूपुर : थांबा काकू, रुमाल घेते.

प्रेमिला : रडू नको. तुहं काजळ उतरून राहिलं.

नूपुर : तुम्ही सोडायचं नाही. चूक माझी आहे. मी तुम्हाला ताकद दिली, पण उठायची रीत शिकवायची राहिली. इकडे या. ही खुर्ची.

प्रेमिला : पुन्हा खुर्ची!

नूपुर : बसायची नाही, धरायची. हात सीटवर. एक गुडघा मॅटवर, खाली घडी घातलेलं ब्लँकेट. दुसरा पाय पुढे. भार पुढच्या पायावर, श्वास सोडा, आणि वर. आधी खुर्ची धरून. मग खुर्चीऐवजी या योगाच्या लाकडी विटेवर हात. मग जमिनीवर हात. मग तुमच्या मांडीवर.

प्रेमिला : अन् मग?

नूपुर : मग आषाढ पौर्णिमा.

*

प्रेमिला : विहारातली एक खुर्ची घरी घेऊन या.

महादेवराव : आणतो. पेंटरलेच सांगतो, जाता जाता पुसून...

प्रेमिला : पुसू नका. तशीच आणा. व्यायामाले पाह्यजे.

महादेवराव : कालकथितवाली? घरात प्लास्टिकच्या चार खुर्च्या पडल्या आहेत.

प्रेमिला : त्या धरून जोर नाही येत. ते नाव समोर वाचलं की मले असा जोर येते, मी फाटकन उठते. तुम्ही एक काम तं चांगलं केलं माह्यासाठी.

महादेवराव : तू माह्याशी अजून नीट बोलून नाही राहिली.

प्रेमिला : बोलून तं राहिली.

महादेवराव : खुर्चीबद्दल बोलते. भाजीबद्दल बोलते.

प्रेमिला : मग कशाबद्दल बोलू? तुम्हाले काही सांगाचं आहे का?

महादेवराव : नाही. मले का सांगाचं राहीन? आणतो खुर्ची.

*

महादेवराव : चपला भेटल्या ना? चाल, आटो थांबवतो. का वाचलं वं तू आज! मेश्रामबाई पदर डोळ्याले लावून बसली होती. अन् उठली कशी! एक पाय पुढं, हात मांडीवर, अन् उभी. अध्यक्ष टाळ्याच वाजवणार होते, मीच दुरून डोळे वटारले.

प्रेमिला : थोडं थांबा. समदे जाऊ द्या. पायरीवर टेकू.

महादेवराव : मी उभाच बरा आहो. तू बस.

प्रेमिला : मधात एकदा वाटलं, गेली मी, राहिली इथंच. मग नूपुर आठवली. श्वास सोडला. अन् वर आली. मले इतका आनंद झाला ना, तुमच्याकडं पाहिलं मी. पाह्यलं तुम्ही?

महादेवराव : पाह्यलं ना.

प्रेमिला : मीबी पाह्यलं. खाली बसलं ना की समदे दिसतात. मेघा माह्या इकडच्या गुडघ्याले लागून, मेश्रामबाई तिकडच्या. पान उलटवताना वर पाहिलं, तं आख्खं विहार बसलेलं. तुम्ही एकटे दारापाशी उभे.

महादेवराव : माइकपाशी कोणीतरी पाह्यजे ना.

प्रेमिला : माइक बंद होता. लाईट गेल्ती. मी तं माह्याच गळ्यानं वाचलं.

महादेवराव : चपलांकडं पाहून राहिलो होतो मग.

प्रेमिला : वंदनेले समदे गुडघ्यावर टेकले. तुम्ही चौकट धरली अन् कमरेतून वाकले. मले आता पायाचं समजते, महिना-दोन महिने तेच पाहून राहिली आरशात. डावा पाय तुम्ही नुसता ठेवला होता जमिनीवर. भार नव्हता त्याच्यावर.

महादेवराव : आटो पाहू का?

प्रेमिला : कधीपासून?

महादेवराव : का कधीपासून?

प्रेमिला : मी विचारून राहिली, कधीपासून?

महादेवराव : मागच्या थंडीपासून. क्लचचा पाय आहे तो. जिंदगीभर दाबला, आता तो मले दाबते.

प्रेमिला : त्या रविवारी मी फरशीवर पडून होती. तुम्ही हात नाही देल्ला.

महादेवराव : देल्ला असता. मग दोघंबी खालीच राहिलो असतो. श्वेताले बोलावाले कोण गेलं असतं?

प्रेमिला : हसू नका. अन् मलेबी हसवू नका. मी तेव्हापासून मनात धरून बसली. मले वाटलं, तुम्हाले माही लाज वाटते.

महादेवराव : तुही? बह्याड आहे का तू? मले माहीच वाटत होती. बायको जमिनीवरून हात वर करते, अन् मी श्वेताच्या दारावर जाऊन उभा. तो दिवस मले... जाऊ दे.

प्रेमिला : सांगाले का झालं होतं?

महादेवराव : तुले चार बायांनी उचललं तं तू वाचणंच सोडलं. मी विचार केला, हिले चार बाया तं भेटल्या. मले कोण उचलन? अन् उचललं तं मी तोंड कुठं नेऊ? म्हणून उभा राहतो. माइक, चपला, काही ना काही असतेच.

प्रेमिला : म्हणून खुर्च्या दोन.

महादेवराव : हाव.

प्रेमिला : दुसरी तुमची.

महादेवराव : एकटा बसलो असतो खुर्चीवर तं लोकांनी विचारलं असतं, का झालं महादेवराव? तुह्या बाजूले बसलो असतो तं म्हणले असते, पाहा, बायकोले सोबत देऊन राहिला.

प्रेमिला : माह्या गुडघ्याच्या आड तुमचा गुडघा. अन् नाव दोन्हीवर माहंच.

महादेवराव : नशीब म्हण. नाही तं पेंटरनं मलेबी कालकथित केलं असतं.

प्रेमिला : अहो... असं का करता तुम्ही? मले रडू येऊन राहिलं आता. मी तुमच्यावर इतकी चिडली होती, इतकी, की तुमच्या चहात साखर कमी टाकायची.

महादेवराव : मले वाटलं डॉक्टरनं सांगितलं.

प्रेमिला : सोमवारी ट्रॅकपँट वापस देते तुमची. माह्यासाठी बर्डीच्या बाजारातून नवी आणू, गुलाबी पट्टीवाली. रितिकाची आहे तशी.

महादेवराव : मले कायले ट्रॅकपँट?

प्रेमिला : फोटो काढाले. कायले म्हंजे?

महादेवराव : मी नाही येत. तिथं पोट्ट्या असतात. आरसे असतात. मी पडलो तं?

प्रेमिला : मॅट आहे खाली. माहा हात धरा अन् आधी या पायरीवर बसा.

महादेवराव : अन् उठीन कसा?

प्रेमिला : ते मले येते. बसा.

*

नूपुर : वा, काका, पाठ सरळ. आता उजवा पाय पुढे. हात खुर्चीवर.

महादेवराव : ही आमचीच खुर्ची इथं आणली का तुम्ही?

नूपुर : काकूंनी दिली. म्हणाल्या, इथे कामाला येईल. पेंटरने पुसलंय आता ते.

प्रेमिला : अर्धंच पुसलं. कालकथित गेलं, स्मृतीप्रीत्यर्थ तसंच आहे. मी म्हटलं राहू दे. दोन चार वर्षांनी लिहाची मेहनत वाचन.

महादेवराव : काहीतरीच बोलू नको. श्वास चुकते माहा.

नूपुर : काकू, तुम्ही तिकडे शवासनात जा बरं. काका लक्ष देत नाहीयेत.

महादेवराव : शवासन करते ही? ही तं मुडद्यावाणी पडत नव्हती.

प्रेमिला : आता पडते. उठता येते म्हणून पडते.

नूपुर : काका, लक्ष इकडे. खाली छान गेलात. आता वर यायचं.

महादेवराव : थांबा. नूपुर बेटा, तिले सांगा, तिकडं तोंड कर. ती पाहून राहिली की मले जमत नाही.

प्रेमिला : घ्या. केलं तोंड तिकडं. भिंतीकडं पाहून राहिली.

महादेवराव : वळून पाहू नको.

प्रेमिला : नाही पाहत. घाई नका करू. भार पुढच्या पायावर द्या.

महादेवराव : देल्ला.

प्रेमिला : श्वास सोडा.

महादेवराव : सोडला.

प्रेमिला : खुर्ची ओढू नका, नुसती धरा. हं. डाव्या पायाले येऊ द्या त्याच्या मनानं.

महादेवराव : उठलो. प्रेमिला, उठलो वं! आता पाह्य.

प्रेमिला : पाह्यलं. समोर आरसा आहे ना.